मुदत आणि माप

कागदाचे अखंड रीळ धावत असतानाच त्याचे ताव कापीत जाणारी यंत्रे चिंचवडच्या एका कारखान्यात तयार होतात. या यंत्रातील सुरीची फिरत कागदाच्या वेगाशी जुळलेली राहावी म्हणून आतील संगणकाला सुरीच्या मोटारीस सेकंदातून १००० वेळा नवा हुकूम पाठवावा लागतो; आणि त्यांपैकी एखादा हुकूम जरी ठरल्या क्षणापासून ५० मायक्रोसेकंदांहून अधिक मागे पडला, तरी ड्राइव्ह ट्रिप होतो, सुरी थांबते आणि मागून येणारा कागद तिच्यावर चुरगळून पडतो. उत्तर बरोबर असणे एवढ्याने ज्याचे भागत नाही, ते नेमलेल्या मुदतीत यावेच लागते, आणि मुदतीच्या कितीही आधी आले तरी ज्याला त्याबद्दल बक्षीस मिळत नाही, अशा या संगणकाला रिअल-टाइम संगणक म्हणतात. नव्या यंत्रासाठी तो खरेदी करावयाचा होता, तीन विक्रेत्यांचे चाचणी-अहवाल टेबलावर पडले होते, आणि ते वाचावयास योगायोगाने दोन व्याही एकत्र बसले होते.

त्यांतील एक या कारखान्याच्या चाचणी विभागाचे प्रमुख. दुसरे सांगलीचे, निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी टास्कांच्या वेळापत्रकाचे गणित शिकविण्यात आयुष्य घालविले. मुलामुलीच्या लग्नात देण्याघेण्यावरून ज्यांच्यात एका शब्दाचाही वाद झाला नाही, त्या या दोन गृहस्थांचे या तीन अहवालांवरून मात्र चांगलेच जुंपले. त्यांच्या जबान्या मी होता होईल तो त्यांच्याच शब्दांत देतो. मधूनमधून माझे मत डोकावले, तर वाचकांनी ते माझ्या खाती टाकावे.

चिंचवडकर : व्याहीबुवा, या तिन्ही अहवालांत मला हवे ते एकही वाक्य नाही. पहिला म्हणतो, सरासरी विलंब ४ मायक्रोसेकंद. दुसरा म्हणतो, साडेतीन. आणि तिसऱ्याने तर सगळ्या चाचण्यांची बेरीज करून एकच आकडा काढला आहे व तो इतरांहून मोठा असल्याचे ठळक टाइपात छापले आहे. माझी सुरी सरासरीवर फिरत नाही. लाखातला एक हुकूम उशिरा गेला की रीळ फाटते, आणि बाकीचे ९९,९९९ किती झपाट्याने गेले होते हे गिऱ्हाईक विचारीत नाही.

सांगलीकर : एका आकड्याची ही हाव जुनी आहे. १९७२ साली इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतून व्हेटस्टोन निघाला, १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांचा ड्राइस्टोन आला. दोन्ही केवळ हिशेबाचा वेग मोजणारे, आणि त्या कामापुरते ठीकच. परंतु १९८९ च्या फेब्रुवारीत 'डॉ. डॉब्ज जर्नल'मध्ये कर आणि पोर्टर यांनी ऱ्हीलस्टोन मांडला तो खास रिअल-टाइम संगणकांसाठी. त्यांनी सहा गोष्टी मोजावयास सांगितल्या : एका टास्ककडून दुसऱ्या टास्ककडे वळण्यास लागणारा वेळ, अधिक प्राधान्याच्या टास्कने चालू टास्कला बाजूस सारण्याचा वेळ, इंटरप्टची दखल घेण्यातील विलंब, सेमाफोरची देवघेव, एकमेकांत अडकलेल्या टास्कांची कोंडी फोडण्याचा वेळ, आणि टास्कांमधील निरोपांची ने-आण. येथवर सर्व यथायोग्य आहे. पण पुढे या सहा वेळांचे व्यस्त काढून, त्यांना वजने देऊन, बेरीज करावयाची आणि दर सेकंदास इतके ऱ्हीलस्टोन असा निकाल द्यावयाचा! वजने आपापल्या कामाप्रमाणे बदलण्याची मुभा त्यांनी ठेवली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि मोजावयाचे ते सरासरी वेळच, आणि मुदतीचा तर त्या आकड्यात मागमूसही नाही. हा प्रकार आपल्या आणेवारीसारखा झाला. गावाची आणेवारी चांगली लागली, म्हणून ज्याच्या शिवारात दाणाही पिकला नाही त्याचा सारा काही माफ होत नाही.

चिंचवडकर : म्हणजे मोजण्यालाच आपला विरोध आहे की सरासरीला?

सांगलीकर : तूर्त सरासरीला. मोजण्याकडे नंतर येतो.

चिंचवडकर : मग सरासरीपुरते आपले एकमत आहे असे धरून माझा शिरस्ता सांगतो. विक्रेत्याचा अहवाल मी दफ्तरात टाकतो आणि त्याचा संगणक चाचणीच्या खोलीत आणवितो. त्यावर लिनक्स चढविलेले असते, आणि त्यात सायक्लिकटेस्ट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्याचे काम इतकेच, की दर २०० मायक्रोसेकंदांनी मला उठव असे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगून झोपी जावयाचे, आणि उठल्यावर घड्याळ पाहून आपल्याला किती उशिरा उठविले याची नोंद करावयाची. पडद्यावर प्रत्येक कोअरची एक ओळ असते आणि त्या ओळीत चार आकडे सतत हलत असतात : किमान, आत्ताचा, सरासरी आणि कमाल. पहिले तीन कितीही हलोत, मी त्यांच्याकडे पाहत नाही. कमालचा रकाना फक्त वर जाऊ शकतो, खाली कधी येत नाही. रात्री तो २३ वर सोडून घरी जावे आणि सकाळी तो तेथेच असावा, एवढ्यासाठी मी तिकडे डोळे लावून असतो. असे १० कोटी वेळा उठवावयाचे झाले, तर साडेपाच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. जर्मनीतील ओसाडल या संस्थेच्या प्रयोगशाळेत रॅकच्या रॅक यंत्रे मांडून हेच काम अहोरात्र चालते आणि तेथील आलेख कोणालाही पाहावयास मिळतात. त्या आलेखांचा उभा अक्ष लॉगरिदमिक ठेवावा लागतो, हे मुद्दाम ध्यानात घ्या. साध्या मापाचा अक्ष ठेवला, तर ४ मायक्रोसेकंदांपाशी उभ्या असलेल्या कोट्यवधी नोंदींच्या मनोऱ्यापुढे दूर कडेला पडलेली एकुलती एक नोंद दिसणारच नाही. आणि मला तर तीच पाहावयाची असते.

सांगलीकर : पद्धत स्तुत्य आहे. आता त्यावर थोडा हिशेब करू. आपले यंत्र सेकंदाला १००० हुकूम देते, म्हणजे दिवसाचे ८ कोटी ६४ लाख. आपली १० कोटींची चाचणी म्हणजे एका यंत्राचा जेमतेम सव्वा दिवस. त्या चाचणीत एकही उशीर आढळला नाही, तर संख्याशास्त्र काय हमी देते? क्ष वेळा पाहून एकदाही दोष दिसला नाही, तर दोषाची संभाव्यता ३ भागिले क्ष याहून अधिक नाही, इतकेच ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. ३ भागिले १० कोटी, गुणिले ८ कोटी ६४ लाख : उत्तर अडीचाच्या थोडे पुढे येते. म्हणजे आपल्या निर्दोष चाचणीनंतरही यंत्र दिवसातून दोन-अडीच वेळा मुदत चुकविणार नाही, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि यंत्रे आपण एक विकणार नसून अनेक विकणार आहात.

हा हिशेब ऐकून चिंचवडकर निरुत्तर होतील अशी माझी अटकळ होती. परंतु ज्याने आयुष्यभर यंत्रे बिघडताना पाहिली आहेत, त्याला संभाव्यतेच्या सूत्राचे भय वाटत नाही असे दिसले.

चिंचवडकर : आपले सूत्र खरे, पण ते कोणाला लागू आहे? एका वेळच्या निकालाचा पुढच्याशी काही संबंध नाही, असे जेथे असेल तेथे. संगणकातील उशीर असा फाशांप्रमाणे पडत नाही, व्याहीबुवा. त्याला दरवेळी कारण असते. आम्ही तपासलेल्या एका संगणकात ठरावीक काळाने दीडशे मायक्रोसेकंदांची एक नोंद पडे. कर्नलमध्ये काही सापडेना. शेवटी इंटरप्ट बंद करून, प्रोसेसरला नुसते घड्याळ वाचीत फिरत ठेवून पाहिले, तरी दोन वाचनांत तीच फट! म्हणजे कर्नलच्याही खालून, मदरबोर्डवरील फर्मवेअर प्रोसेसरचा ताबा घेऊन आपले काम उरकत होते, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्याचा पत्ताही लागू देत नव्हते. सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट म्हणतात त्याला. तेव्हा मी दैवाची वाट पाहत बसत नाही. हॅकबेंच चालवून शेकडो प्रक्रियांना एकमेकींशी बोलावयास लावतो, नेटवर्कवर पॅकेटांचा पूर सोडतो, डिस्कवर लिहितो, यूएसबी खुपसतो आणि काढतो, कपाटाचा पंखा बंद करून प्रोसेसर तापवितो. जितकी कारणे मला ठाऊक आहेत तितकी एकाच वेळी अंगावर सोडतो आणि मग कमालचा रकाना वाचतो.

सांगलीकर : आणि भार मुळीच नसताना?

चिंचवडकर : त्याचीही तजवीज आहे, आणि तेथेच नवखा माणूस फसतो. आधुनिक प्रोसेसर रिकामा राहिला की वीज वाचविण्यासाठी गाढ झोपी जातो आणि त्याला जागे व्हावयास काही वेळा शंभराहून अधिक मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे भाराखाली जो शहाण्यासारखा वागतो, तोच जेवणाच्या सुट्टीत, कागद सावकाश फिरत असताना, उशीर करतो. त्यातली गंमत अशी, की सायक्लिकटेस्ट सुरू झाला की तो आपण होऊन सांगतो, मी आहे तोवर गाढ झोपावयाचे नाही. विशेष पर्याय देऊन ती सवय बंद केली तरच खरा प्रकार दिसतो. म्हणून मी दोन्ही रीतींनी मोजतो.

सांगलीकर : म्हणजे ज्याची झोप मोजावयाची, त्याच्या उशाशी आपला मोजणारा दिवा लावून बसतो! व्याहीबुवा, माझ्या पक्षाची कैफियत आपणच लिहून देत आहात. आपल्याला ठाऊक असलेली कारणे आपण अंगावर सोडलीत. ठाऊक नसलेल्यांचे काय? १० एप्रिल १९८१ रोजी अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे उड्डाण रहित झाले, कारण चार मुख्य संगणकांशी पाचव्या, राखीव संगणकाचा ताळमेळ बसेना. संगणक प्रथम सुरू करताना ६७ पैकी एका खेपेस वेळेची मांडणी एका आवर्तनाने चुकेल, अशी ती गफलत होती. त्या प्रणालीची जितकी चाचणी झाली तितकी जगात क्वचितच कशाची झाली असेल. तरीही ६७ व्या हिश्श्याचा तो दोष प्रक्षेपणमंचापर्यंत पोहोचला. आढळलेला कमाल विलंब म्हणजे साक्षीदाराने सांगितलेला कमाल विलंब. खरा कमाल त्याहून कमी नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि आपल्याला तर नेमके उलटे सिद्ध करावयाचे आहे.

चिंचवडकर : मग ते सिद्ध कसे करावे? सांगा.

सांगलीकर : १९७३ साली लिऊ आणि लेलँड यांनी त्याचा पाया घातला. ठरावीक काळाने पुन्हापुन्हा येणारी कामे असतील आणि ज्याचा काळ लहान त्याला प्राधान्य अधिक असा नियम असेल, तर कामे दोन असताना प्रोसेसरचा ८२.८ टक्के आणि कितीही असली तरी ६९.३ टक्के वेळ त्यांनी व्यापला असेपर्यंत एकही मुदत चुकणार नाही. हे मोजून आलेले आकडे नव्हेत, सिद्ध केलेले आहेत. प्रत्येक कामाला अधिकात अधिक किती वेळ लागेल, एवढे मात्र आधी ठाऊक पाहिजे. आणि तेही आज्ञावलीच्या प्रत्येक वाटेचे व प्रोसेसरच्या कॅशेचे विश्लेषण करून, तिला एकदाही न चालविता, काढता येते. झारब्रुकनच्या ॲबसइंट कंपनीचे साधन एअरबसने ए३८० च्या नियंत्रण-आज्ञावलीसाठी याच कामी वापरले आहे. हे विश्लेषण हवेच, कारण वाईटात वाईट परिस्थिती कोणती हे माणसाला नुसते डोके खाजवून कळत नाही. कॅशेत हवी ती माहिती सापडली, म्हणजे एक पाऊल लवकर पडले, की एकूण काम लवकर संपेल असे कोणालाही वाटेल. परंतु लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की काही प्रोसेसरांत अशा लवकर पडलेल्या पावलामुळे पुढील पावलांचा क्रम बदलून एकूण वेळ उलट वाढतो. आपला हॅकबेंच हे कसे शोधणार?

चिंचवडकर : शोधणार नाही. पण आपले विश्लेषण तरी कशावर चालते? प्रोसेसरच्या आतल्या रचनेच्या नकाशावर. तो नकाशा मला कोण देतो? मी बाजारातून जो प्रोसेसर घेतो त्यात चार कोअर, एक सामायिक कॅशे आणि एकच मेमरी. एका कोअरवरच्या टास्कला दुसऱ्या कोअरमुळे किती थांबावे लागेल हे उत्पादक पुरते छापीत नाही, आणि फर्मवेअर मध्येच येऊन काय करील हे तर तो मुळीच छापीत नाही. वाईटात वाईट तेवढे सर्व एकाच क्षणी घडेल असे धरून आपण आकडा काढाल, तर मला गरजेच्या कित्येक पट मोठे यंत्र घ्यावे लागेल, आणि ते दिवसभर रिकामे बसेल. शिवाय लिनक्सचे काय? त्याच्या कोट्यवधी ओळींची सिद्धता कोणी देणार नाही. तरीदेखील जवळजवळ वीस वर्षे तुकड्यातुकड्याने घडत आलेला त्याचा रिअल-टाइम भाग २०२४ च्या सप्टेंबरात मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला. व्हिएन्नाच्या परिषदेत त्या भागाचे एक कर्ते थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो सामावून घेण्याची विनंती सोनेरी कागदात गुंडाळून लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांच्या हाती दिली म्हणतात. ती तेथवर पोहोचली ती सिद्धतेच्या बळावर नव्हे. वर्षानुवर्षे मोजून, उशीर पकडून, कारण हुडकून आणि ते काढून टाकून पोहोचली.

सांगलीकर : मग अशा मोजण्याला हमी म्हणू नका, अनुभव म्हणा.

चिंचवडकर : अनुभवावर कारखाने चालतात, व्याहीबुवा.

या ठिकाणी दोघांनीही एकच उदाहरण आपापल्या बाजूने ओढले, आणि मला ते सगळ्या वादात अधिक मोलाचे वाटते. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार आपण होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारी कमी प्राधान्याची एक टास्क एक सामायिक कुलूप हाती घेऊन बसे. तेवढ्यात मध्यम प्राधान्याची कामे येऊन तिला बाजूस सारीत. आणि त्याच कुलपासाठी खोळंबलेली उच्च प्राधान्याची टास्क, जिने सेकंदाच्या आठव्या हिश्श्याच्या आवर्तनात आपले काम संपविलेच पाहिजे, ती मुदत चुकवी. मुदत चुकली असे पाहताच देखरेख करणारी टास्क संगणक पुन्हा सुरू करी. सांगलीकरांचे म्हणणे असे, की या व्याधीवरचे औषध, म्हणजे कुलूप धरून बसलेल्या टास्कला तात्पुरते वरचे प्राधान्य बहाल करण्याची रीत, शा, राजकुमार आणि लेहोच्की यांनी १९९० मध्ये गणितासह मांडून ठेवली होती, यानातील व्हीएक्सवर्क्समध्ये ती उपलब्धही होती, फक्त त्या एका कुलपापुरती बंद ठेवली गेली होती. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत हा दोष एकदोनदा चमकून गेला, पण पुन्हा घडवून दाखविता आला नाही, आणि मोजण्याची मर्यादा ती हीच. चिंचवडकरांचे उत्तर असे, की औषध पुस्तकात होते हे खरे, परंतु रोग ओळखला गेला तो पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या यंत्रावर, टास्कांच्या हालचालींची बारीक नोंद ठेवीत तोच प्रसंग पुन्हा उभा राहीपर्यंत चाचणी चालविली तेव्हा. आणि दोष उड्डाणाआधी हाती लागला नाही याचे एक कारण म्हणजे माहितीचा ओघ मंगळावर अपेक्षेहून चांगला निघाला, व इतक्या चांगल्या परिस्थितीचा भार कोणी चाचणीत घातलाच नव्हता. दोन्ही कथने खरी आहेत. माझ्या मते त्यांतील दुसरे अधिक बोचरे आहे : वाईट दिवसाची चाचणी घेण्याचे सर्वांना सुचते, चांगल्या दिवसाची घेण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सांगलीकर : बरे, मोजावयाचेच असेल तर हार्टस्टोनप्रमाणे मोजा. तोही १९८९ चाच, कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधला. पाच टास्का घ्यावयाच्या, सेकंदाला २, ४, ८, १६ आणि ३२ वेळा येणाऱ्या. प्रत्येकीला व्हेटस्टोनचे ठरावीक ओझे. आणि मग आवर्तने वाढवीत, ओझे वाढवीत किंवा टास्का वाढवीत जावयाचे, पहिली मुदत चुकेपर्यंत. यंत्र कोठे मोडले, तो त्याचा निकाल. येथे मला मुदत दिसते.

चिंचवडकर : हे मला मान्य आहे. किंबहुना मी करतो ते याहून फारसे निराळे नाही.

सांगलीकर : थोडे निराळे आहे. २, ४, ८ ही आवर्तने एकमेकांत पुरती बसतात, आणि अशा सुसंवादी टास्कांना ६९.३ ची मर्यादा नसून १०० टक्क्यांपर्यंत वाव असतो; म्हणून तेवढ्या एका मालिकेवर समाधान मानू नये. हार्टस्टोनमध्येच विसंवादी आवर्तनांचीही मालिका आहे, आणि विक्रेता ती क्वचितच चालवील. आपल्या यंत्रात सुरीचे आवर्तन १ मिलिसेकंदाचे. कागदाचा ताण मोजणाऱ्या टास्कचे किती?

चिंचवडकर : साडेतीन.

सांगलीकर : पाहा!

चिंचवडकर : ठीक आहे, निविदेत असे कलम घालतो : विक्रेत्याने सरासरी देऊ नये, कमाल द्यावा, आणि तो कोणत्या भाराखाली, किती तासांत, कोणत्या फर्मवेअरवर, झोपेची परवानगी ठेवून की काढून घेतला, हे त्यासोबत द्यावे, आवर्तने आमच्या यंत्राची धरावीत, आणि प्रोसेसरचा व्याप ७० टक्क्यांखाली राहतो हे कागदावर दाखवावे. आपले गणित आणि माझे माप, दोन्ही एका पानावर.

सांगलीकर : एक कलम राहिले. १९६९ साली चंद्रावर उतरताना अपोलो ११ च्या संगणकाने १२०२ ही धोक्याची इशारत दिली. चंद्रयानातील रेंडेव्हू रडारचा सांधा संगणकाचा सुमारे १३ टक्के वेळ विनाकारण खात होता. कामे संपेनात, आणि नव्या कामांना जागा उरली नाही. तो संगणक थांबला नाही. स्वतःला पुन्हा सुरू करून, कमी महत्त्वाची कामे सोडून देऊन, इंजिनाचे आणि दिशेचे काम त्याने चालू ठेवले, कारण रचनाकारांनी मुदत चुकेल हे गृहीतच धरले होते. आपले यंत्र मुदत चुकणार नाही, याचे माप आपण घेता; माझा आग्रह, ती चुकल्यावर ते काय करते याचेही घ्यावे. मुद्दाम ६० मायक्रोसेकंद उशीर घुसवा आणि सुरी कोठे थांबते ते पाहा.

चिंचवडकर : सुरी कागदात थांबली तर रीळ गेले.

सांगलीकर : म्हणूनच ती आपल्या खोलीत थांबू द्या, गिऱ्हाइकाच्या नव्हे.

चिंचवडकर : एकदा नव्हे, प्रत्येक वेगाला, प्रत्येक जाडीच्या कागदावर घ्यावे लागेल ते. विक्रेता म्हणेल, कागद तुमचा. आमचा खरेदी विभाग म्हणेल, चाचणी विक्रेत्याची.

कलम त्यांनी लिहून काढले, ते मी वाचले आहे. फाटलेल्या रिळांचा खर्च कोणी सोसावा, ही ओळ मात्र अजून कोरी आहे, आणि तिच्यावरून लेखा विभागाशी पत्रव्यवहार सुरू झाला आहे.